तणावमुक्तीच्या शिबिराआधी ड्युटीच्या तासांची बेरीज व्हावी

प्रति,
माननीय पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई,
तसेच राज्यातील सर्व पोलीस आयुक्त आणि पोलीस अधीक्षक

विषय : पोलीस अंमलदारांवरील कामाचा ताण आणि पोलीस ठाण्यातील कर्तव्यवाटप

महोदय,

मी महाराष्ट्र पोलीस दलातून सहायक फौजदार या पदावरून निवृत्त झालो. माझ्या सेवेची शेवटची बरीच वर्षे ठाण्यात ड्युटी लावण्याच्या कामात गेली, म्हणजे उद्या कोण कोठे उभा राहणार, रात्रपाळीला कोण येणार, कोर्टाला कोण जाणार आणि अचानक मागितलेले मनुष्यबळ कोठून काढायचे, हे ठरवणाऱ्या कागदाशी माझा रोजचा संबंध होता. सेवेत असताना या विषयावर जाहीरपणे लिहिणे शिस्तीच्या नियमांत बसत नव्हते आणि ते मी पाळले. आज त्या बंधनातून मोकळा असल्यामुळे, आणि अजून सेवेत असलेल्यांना ते लिहिता येत नसल्यामुळे, हे पत्र लिहीत आहे.

गेल्या काही वर्षांत अंमलदारांच्या, म्हणजे शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतच्या कर्मचाऱ्यांच्या, ताणाची दखल वरिष्ठ पातळीवर घेतली जाऊ लागली आहे, हे मान्य केले पाहिजे. योगाची शिबिरे होतात, ध्यानधारणेचे वर्ग भरतात, हृदयरोगतज्ज्ञांची व मानसोपचारतज्ज्ञांची व्याख्याने ठेवली जातात, आरोग्य तपासणी होते. यातले काहीही मला निरुपयोगी वाटत नाही. मात्र या शिबिरांना माणसे कशी पाठवली जातात, हे मला जवळून ठाऊक आहे. प्रत्येक ठाण्याने दहा किंवा पंधरा अंमलदार पाठवावेत असा संदेश येतो. दिवसपाळीची माणसे काढता येत नाहीत, म्हणून रात्रपाळी करून सकाळी सुटलेल्यांना तेथे बसवले जाते, किंवा ज्याची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी आहे त्याची ती सुट्टी शिबिरात जाते. व्याख्याते झोपेचे महत्त्व समजावून सांगत असतात आणि समोरच्या खुर्च्यांत माणसे पेंगत असतात. कार्यक्रमानंतर छायाचित्रे आणि उपस्थितीचा आकडा वर पाठवला जातो, पण ज्या कारणाने तो अंमलदार थकला आहे ते कारण त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा ड्युटीच्या कागदावर चढते.

माझे म्हणणे एवढेच आहे की अंमलदाराच्या ताणाचा मोठा भाग त्याच्या स्वभावातून, त्याच्या घरातून किंवा त्याच्या कमकुवत मनातून येत नाही. तो ड्युटीच्या कागदावर तयार होतो, आणि म्हणून तो कमी करण्याचे कामही तेथूनच सुरू झाले पाहिजे.

हा कागद कसा तयार होतो ते येथे थोडे सविस्तर सांगतो, कारण वरिष्ठांपर्यंत तो पूर्ण झालेलाच पोहोचतो. संध्याकाळी उद्याची आखणी सुरू होते. ठाणे अंमलदार, त्याचा मदतनीस, वायरलेस, लॉकअप गार्ड, बीट मार्शल आणि गस्तीचे वाहन या जागा रोजच्याच असतात आणि त्या रिकाम्या ठेवता येत नाहीत. त्यानंतर कोर्टाचे काम, समन्स-वॉरंट बजावणी, आरोपींची वैद्यकीय तपासणी, मुद्देमाल प्रयोगशाळेत पोहोचवणे, पासपोर्टची पडताळणी, नाकाबंदी. रजेवर, प्रशिक्षणाला, आजारी आणि अन्य शाखांना संलग्न केलेले अंमलदार वजा केले की पटावरील संख्या आणि प्रत्यक्ष हाताशी असलेली संख्या यांत मोठी तफावत पडते, तरीही रेटून आठ-साडेआठपर्यंत कागद पूर्ण होतो. मग साडेनऊला नियंत्रण कक्षातून संदेश येतो की उद्या सकाळी सहा वाजता अमुक ठिकाणी बंदोबस्तासाठी एक अधिकारी व बारा अंमलदार हजर ठेवावेत. येथून पुढे जे घडते त्याला नियोजन म्हणता येणार नाही. जो फोन उचलतो त्याला सांगितले जाते. जो पोलीस लाईनीत, ठाण्याच्या जवळ राहतो त्याला आधी बोलावले जाते. ज्याने मागच्या तीन वेळा कुरकूर केली नाही त्याचे नाव चौथ्यांदा लिहिले जाते, कारण त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपच्या गटावर सुधारित यादी पडते आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या शाळेत जायचे ठरवलेल्या माणसाला ती जेवणाच्या ताटावर कळते.

दलात कामाचा बोजा जास्त आहे, एवढेच म्हणून चालणार नाही. तो सारखा वाटला जात नाही आणि आधी कळत नाही, ही त्याची दोन वैशिष्ट्ये आहेत, आणि माझ्या अनुभवात माणूस तासांपेक्षा या दोहोंनी अधिक खचतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडणी केली होती की ज्या कामात मागणी मोठी असते आणि ते कसे करावे यावर करणाऱ्याचे नियंत्रण अगदी थोडे असते, त्या कामात ताण सर्वाधिक साचतो. त्यांच्यासमोर पोलीस शिपाई नव्हता, पण ही मांडणी वाचताना आपल्या ठाण्यातला शिपाई डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकावरही कामाचा डोंगर असतो, अनेकदा शिपायापेक्षा मोठा, तरीही कोणते काम आज करायचे आणि कोणते उद्यावर टाकायचे, हे थोडेफार तरी त्याच्या हातात असते. शिपायाला आपण घरी किती वाजता जाणार हेसुद्धा ठाऊक नसते.

ही स्थिती नवी नाही आणि अज्ञातही नाही. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ मधील आपल्या पहिल्याच अहवालात राष्ट्रीय उत्पादकता परिषदेच्या पाहणीचा आधार घेऊन नोंदवले होते की शिपायाचे काम दिवसाला १० ते १६ तास आणि आठवड्याचे सातही दिवस चालते. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोने हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजच्या साहाय्याने देशभरातील ठाण्यांचा अभ्यास केला. ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करतात असे त्यात आढळले, आणि ७३ टक्क्यांहून अधिक ठाणेप्रमुखांनी सांगितले की आपल्या कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी देता येत नाही. म्हणजे दोन पिढ्या शिपाई म्हणून भरती झाल्या आणि निवृत्त झाल्या, तरी हे वाक्य जवळपास तसेच राहिले.

त्याचे एक कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या २८व्या कलमानुसार पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. आपत्तीच्या प्रसंगी कोणीही 'माझी वेळ संपली' म्हणून निघून जाऊ नये, यासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. मात्र प्रत्यक्षात तिचा उपयोग आपत्तीपुरता राहिला नाही, आणि माणूस सदैव कर्तव्यावर असतोच म्हटल्यावर त्याने आज किती तास काम केले हे मोजण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली. दुसरे कारण असे की इतर खात्यांत हे मोजण्याचे काम कर्मचारी संघटना करते. पोलिसांना ती मुभा नाही. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा केंद्रीय कायदा आहे, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत शिपायांचा जो उद्रेक झाला त्या सुमारास त्यांच्या संघटनेची मान्यताही गेली. संघटना असावी की नसावी या वादात मी येथे शिरत नाही. पण ज्या दलात कर्मचाऱ्याला सामूहिकपणे बोलता येत नाही, त्या दलात त्याच्या तासांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी आपोआप वरिष्ठांवर येते, कारण तो ठेवणारे दुसरे कोणीच उरत नाही.

तास मोजण्यावर मी इतका भर का देतो, याचे वैद्यकीय कारणही आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. बारा तासांची पाळी आणि आठवड्याला एक सुट्टी असे गृहीत धरले तरी आपला अंमलदार ७२ तासांवर जातो. सुट्टी बंदोबस्तात गेली की ८४. तरुणपणी शरीर हे सोसते, चाळिशीनंतर रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होतात आणि वार्षिक तपासणीत वजन कमी करण्याचा सल्ला मिळतो. रात्री दोन वाजता नाकाबंदीवर वडापाव आणि चहा याशिवाय काय मिळते, हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक असते.

आता मनुष्यबळाबद्दल. 'माणसेच कमी आहेत' हे उत्तर प्रत्येक बैठकीत दिले जाते आणि ते खोटे नाही. पण किती कमी आहेत, हे एका जागेच्या हिशेबावरून पाहावे. लॉकअप गार्डची एक जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायची म्हणजे ८,७६० तास होतात. एका अंमलदाराच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, २० किरकोळ रजा आणि ३० अर्जित रजा वजा केल्या की २६३ दिवस उरतात. आजारपण आणि प्रशिक्षण मी मोजलेलेच नाही. आठ तासांच्या हिशेबाने त्याचे २,१०४ तास होतात, म्हणजे ती एक जागा भरायला चारांहून थोडी अधिक माणसे लागतात. बारा तासांची पाळी लावली की हेच काम पावणेतीन माणसांत भागते. अनेक ठिकाणी ते दोन माणसांत भागवले जाते, आणि ते शक्य होते कारण त्या दोघांच्या सुट्ट्या आणि रजा या हिशेबात परत जमा करून घेतल्या जातात. शासनाने २०२२ मध्ये अंमलदारांपासून निरीक्षकांपर्यंतच्या किरकोळ रजा १२ वरून २० केल्या, याचा सर्वांना आनंद झाला. पण जागा तितक्याच, माणसे तितकीच आणि पाळ्या तशाच राहिल्या तर वाढलेल्या आठ रजा कागदावर शिल्लक राहतात आणि डिसेंबरअखेर वाया जातात.

तरीही केवळ भरतीची वाट पाहत बसणे मला मान्य नाही, आणि याला आपल्याच दलातला पुरावा आहे. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात तीन पाळ्यांत आठ तासांच्या कर्तव्याचा प्रयोग सुरू झाला. त्याची आखणी कोणा व्यवस्थापन सल्लागाराने केली नव्हती. त्याच ठाण्यातील एका शिपायाने ती करून तत्कालीन पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्यासमोर मांडली, आणि आयुक्तांनी ती ऐकून घेतली. नवी भरती न करता, आहे त्या माणसांची फेरमांडणी करून ती राबवली गेली आणि पुढे मुंबईतील इतर ठाण्यांतही नेण्यात आली. करोनाच्या साथीत तिची घडी विस्कटली. देवनारच्या प्रयोगात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट की ड्युटीच्या कागदाखाली जगणाऱ्या माणसाला तो कागद हातात घेऊन पुन्हा लिहिण्याची संधी मिळाली. कोणती जागा खरोखर चोवीस तासांची आहे आणि कोणती केवळ 'पूर्वीपासून आहे' म्हणून भरली जाते, ठाण्यातली किती माणसे लेखनिकांच्या टेबलांभोवती अडकली आहेत, कोणत्या ड्युट्या एकत्र करता येतात, हे सर्व शिपायांना ठाऊक असते. त्यांना विचारले जात नाही.

पुढे २०२१-२२ मध्ये तत्कालीन महासंचालक संजय पांडे यांच्या कारकिर्दीत महिला अंमलदारांना आठ तासांचे कर्तव्य देण्याचे निर्देश निघाले. निर्णय योग्य होता. घर आणि मुले यांचा भार आपल्या समाजात अजूनही बाईवरच असतो, आणि बारा तासांच्या पाळीनंतर तिची दुसरी पाळी घरी सुरू होते. पण ज्या ठाण्यांत पाळ्यांची फेरमांडणी न करता नुसता आदेश लागू झाला, तेथे काय झाले तेही पाहावे. उरलेले चार तास पुरुष सहकाऱ्यांच्या नावावर चढले, त्यांची नाराजी महिलांवर निघाली, आणि काही महिला अंमलदार स्वतःहूनच 'थांबते साहेब' म्हणू लागल्या. आदेश एका गटाला दिलासा देणारा आणि बोजा दुसऱ्या गटाकडे सरकवणारा असेल तर ठाण्यातला एकूण ताण तेवढाच राहतो.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती अगदी साधी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. प्रत्येक अंमलदार ड्युटीवर कधी आला आणि कधी सुटला याची नोंद ठाणे दैनंदिनीत होणे अपेक्षित असते. आल्याची नोंद नेमकी होते, कारण उशीर झाला तर कसुरी अहवाल निघतो. सुटल्याची नोंद ढिली असते, कारण तिच्याशी कोणाचे काही अडत नाही. ही दुसरी नोंद सक्तीची करावी, आणि दर महिन्याला प्रत्येक अंमलदाराच्या एकूण तासांची, मिळालेल्या साप्ताहिक सुट्ट्यांची, सलग केलेल्या रात्रपाळ्यांची आणि ऐनवेळी बदललेल्या ड्युट्यांची बेरीज करावी. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दरमहा गुन्हे आढावा बैठक घेतात. घरफोड्या किती, उघड किती, प्रलंबित किती, याचे तक्ते त्या बैठकीत असतात आणि प्रत्येक ठाणेप्रमुखाला उभे राहून उत्तर द्यावे लागते. त्याच बैठकीत हा एक तक्ता ठेवावा, आणि ज्या ठाण्यात एखाद्या अंमलदाराचे तास महिन्याला २५०च्या पुढे गेले त्या ठाणेप्रमुखाला त्याचे कारण विचारावे. ज्या आकड्यावर बैठकीत प्रश्न विचारला जातो तोच आकडा खाली गांभीर्याने घेतला जातो, हे आपण सर्वजण जाणतो. सर्व ठाणी आता सीसीटीएनएस या संगणक जाळ्याला जोडलेली आहेत, तेव्हा बेरजेसाठी वेगळा लेखनिक बसवण्याची गरज पडू नये.

बंदोबस्ताबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण दलातली सर्वाधिक धास्ती त्याच शब्दाला चिकटलेली आहे. बंदोबस्ताचा कोणताही लेखी आदेश काढून पाहावा. 'सकाळी ६ वाजता गणवेशात, लाठी-हेल्मेटसह हजर राहावे' असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते आणि सुटण्याच्या जागी 'पुढील आदेशापर्यंत' असे शब्द असतात. पुण्यातील विसर्जन मिरवणूक अलीकडे अठ्ठावीस-तीस तास चालते. तिच्यातली मंडळे येतात-जातात, ढोलपथके बदलतात, बघणारे घरी जाऊन झोपून परत येतात, पण एखाद्या चौकातल्या पॉइंटवर तोच अंमलदार उभा असू शकतो. महिला अंमलदार अशा दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण जवळपास स्वच्छतागृह नसते. फिरत्या स्वच्छतागृहांच्या व्हॅन मोजक्या ठिकाणी असतात आणि त्या बहुधा वरिष्ठांच्या मंडपाजवळ उभ्या दिसतात.

गणेशोत्सव, आषाढी वारी, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, १ जानेवारीचा कोरेगाव भीमाजवळचा पेरणे फाटा, नागपूरचे हिवाळी अधिवेशन आणि निवडणुका यांपैकी एकही घटना अचानक उद्भवत नाही. तारखा आधीपासून ठाऊक असतात. २०२४ मध्ये लोकसभेचे मतदान राज्यात पाच टप्प्यांत झाले आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे, त्यामुळे त्या वर्षी अनेकांच्या साप्ताहिक सुट्ट्या महिनोन्महिने गेल्या. दंगल, स्फोट, पूर यांत घड्याळ पाहू नये हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. पण ज्या प्रसंगाची तारीख पंचांगात आणि कॅलेंडरवर छापलेली आहे त्याच्या बंदोबस्ताची यादी आदल्या रात्री अकराला का ठरावी, याचे समाधानकारक उत्तर मला सेवेत मिळाले नाही. प्रत्येक बंदोबस्त आदेशात सुटण्याची वेळ आणि बदली देणाऱ्या अंमलदाराचे नाव लिहिणे बंधनकारक करावे, आणि रात्रभर पॉइंटवर राहिलेल्याला पुढील बारा तास कोणत्याही नावाखाली बोलावू नये.

तपासी अंमलदारांचा ताण वेगळ्या जातीचा आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाची घटनास्थळी भेट, फिर्यादीला ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवणे, अशा चांगल्या तरतुदी आल्या आणि त्यांबरोबर कामही वाढले. दोषारोपपत्राची ६० किंवा ९० दिवसांची मुदत पूर्वीप्रमाणेच आहे, आणि ती चुकली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो व तपासी अंमलदाराची चौकशी लागते. त्या ६० दिवसांतले पंधरा दिवस तो बंदोबस्तात होता, हे चौकशीत कोणी लिहून घेत नाही. मी असे हवालदार पाहिले आहेत जे दिवसा चौकात उभे राहून रात्री ठाण्यात येऊन जबाब टंकत बसत, आणि घरी 'आज बंदोबस्त लांबला' एवढेच सांगत. ज्याच्याकडे अटकेतील आरोपीचा तपास आहे त्याला मुदत संपण्याआधीच्या आठवड्यात बंदोबस्तातून वगळावे, एवढा नियम केला तरी पुष्कळ फरक पडेल.

रजेच्या अर्जाविषयी थोडक्यात. रजा नाकारण्याचा अधिकार वरिष्ठांना असलाच पाहिजे. पण अर्ज टेबलावर तसाच पडून राहणे, 'बघू' म्हणणे, आणि बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी चारला होकार देणे, यातून माणसाचा जो अपमान होतो तो दीर्घकाळ लक्षात राहतो. अर्जावर तीन दिवसांत लेखी होकार किंवा कारणासह नकार द्यावा. नकार मिळाला तरी माणूस घरच्यांना निश्चित काही सांगू शकतो.

आता उपचारांविषयी, कारण ताण टाळण्याचे सर्व उपाय करूनही काही जणांना मदत लागणारच. आमच्या कामात कुजलेले मृतदेह, लहान मुलांवरील अत्याचाराचे जबाब, अपघातात चिरडलेली माणसे हे नित्याचे आहे, आणि त्यानंतर कोणी 'तू ठीक आहेस का' असे विचारत नाही. बहुतेकजण दारूकडे वळतात किंवा घरात बोलेनासे होतात. समुपदेशन केंद्रे काही घटकांत सुरू झाली आहेत, तरीही तेथे जायला माणसे कचरतात, आणि ती भीती निराधार नाही. तेथे गेलेल्याचे नाव ठाण्यात आधी पोहोचते. मग त्याचे शस्त्र काढून घेतले जाते, त्याला 'डोक्याचा' म्हणून ओळखले जाऊ लागते, पदोन्नतीच्या वेळी कोणीतरी ते आठवते. खरोखर धोका असेल तेथे शस्त्र काढून घेणे योग्यच आहे, पण तो निर्णय वैद्यकीय असावा आणि त्याला मुदत असावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे आणि गणवेश घातल्याने तो हक्क संपत नाही. समुपदेशक पोलीस मुख्यालयाच्या आवारात आणि अधीक्षकांच्या हाताखाली बसवण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयात किंवा बाहेरच्या संस्थेत असावेत, आणि त्यांच्याकडून वरिष्ठांना केवळ एकूण संख्या कळावी, नावे कळू नयेत. केंद्र शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिचा फलक शिपायांच्या विश्रांतीकक्षात लावावा. ज्या ठाण्यांत विश्रांतीकक्षच नाही तेथे आधी तो करावा.

मला अपेक्षित असलेला एक आक्षेप आहे आणि तो प्रामाणिक आहे. 'हे खाते आहे, कारखाना नव्हे, येथे भोंगा वाजला म्हणून काम थांबत नाही' असे अनेक अधिकारी म्हणतील, आणि त्यातले बरेच स्वतः दिवसाला चौदा तास काम करणारे असतील. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण थकलेला अंमलदार हा केवळ त्याच्या घरचा प्रश्न राहत नाही. पहाटे चारला तक्रार घेऊन आलेल्या बाईशी तो कसा बोलतो, पंचनाम्यात काय लिहायचे विसरतो, जमावासमोर हातातली लाठी किती लवकर उचलतो, यावर तो किती तास झोपला आहे याचा परिणाम होतो. नागरिक ज्याला पोलिसांचा उर्मटपणा म्हणतात त्यात शिक्षणाचा आणि वृत्तीचा दोष असतोच, आणि त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही, पण त्यातला काही भाग चौदाव्या तासाचा असतो.

नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये मुख्य पर्वण्यांसह होणार आहे आणि त्यासाठी राज्यभरातून मनुष्यबळ जाईल. रस्ते, घाट, कॅमेरे यांची आखणी सुरू झालेली आहे. तिच्यातच बंदोबस्तावरील अंमलदारांच्या पाळ्या, बदली पथके, निवास, झोपण्याच्या जागा आणि महिलांसाठीची स्वच्छतागृहे यांचा तक्ता आजच तयार करावा, आणि तो करताना मागच्या कुंभात घाटांवर प्रत्यक्ष उभे राहिलेल्या दहा-पंधरा शिपायांना व हवालदारांना त्या बैठकीत बसवावे. त्याआधी तासांच्या बेरजेचा तक्ता प्रत्येक परिक्षेत्रातील दोन ठाण्यांत तीन महिने चालवून पाहावा. त्यातून माझे म्हणणे चुकीचे ठरले, म्हणजे तास कमी आणि समान वाटलेले आढळले, तर मला आनंदच होईल.

कळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सहायक फौजदार,
महाराष्ट्र पोलीस